मूर्तिजापूर, बोला

बाईंनी मला कधीच नावाने हाक मारली नाही. मी चांदूर रेल्वे या गावची, म्हणून मी ‘चांदूर’. दूध घालणारे काका नांदगावहून यायचे, ते ‘नांदगाव’. धुण्याभांड्याला येणारी ‘बडनेरा’. पोटचा एकुलता एक मुलगा बंगलोरला, तर तोही सुटला नाही. त्याचा फोन आला की बाई जिन्याखालून ओरडायच्या, "चांदूर, खाली ये वं, बंगलोर लागलं!" नवीन माणसाला वाटावं, या घरात रेल्वेची तिकिटं मिळतात.

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. अमरावतीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहिले. त्यांची बहुतेक सगळी नोकरी अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात, ट्रंक बोर्डावर गेलेली. त्या काळी एका गावाहून दुसऱ्या गावी फोन लावायचा तर मध्ये ऑपरेटर लागे. ती पुढच्या गावच्या ऑपरेटरला हाक मारी आणि ती हाक गावाच्याच नावाने असे. "खामगाव, बोला." "वाशिम, बोला." पलीकडची बाई काळी की गोरी, तिला लेकरं किती, काही ठाऊक नाही. ती वाशिम. पुढे बोर्ड गेले, ज्याच्या त्याच्या खिशात फोन आले, बाई निवृत्त होऊन नवऱ्याच्या अमरावतीच्या घरी आल्या, नवराही गेला, पण गावं काही त्यांच्या तोंडातून गेली नाहीत.

"एका नावाच्या छप्पन बाया असतात," त्या म्हणायच्या. "गाव सांगतलं म्हंजे मानूस बरोबर लागते."

स्वतःला मात्र त्या अमरावती म्हणत नसत. त्या आजतागायत ‘अकोला’च आहेत.

मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते, म्हणजे आठ महिने काम आणि चार महिने पुढच्या आठ महिन्यांची वाट. ते चार महिने रिकामे जाऊ नयेत म्हणून भाषांतराचं काम धरलं. एक भलीमोठी परदेशी कंपनी होती, विज्ञान-तंत्रज्ञानवाली. काच बनवायची, औषधं बनवायची, पाणी गाळायच्या जाळ्या, रक्त तपासायची यंत्रं, टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांचे रंग आणि काय काय. तिच्या संकेतस्थळावर मराठीचं एक पान होतं. कंपनीने स्वतःच स्वतःविषयी काढलेली निवेदनं त्या पानावर टाकायला पुण्याची एक एजन्सी माझ्याकडून मराठीत करून घ्यायची. ते पान कोण वाचत होतं, देव जाणे.

त्या निवेदनांची एक गंमत होती. कंपनीला सतत आनंद होत असे. नवा कारखाना निघाला, आनंद. जुना कारखाना विकला, आनंद. अमुक विभागाचे प्रमुख गेले आणि तमुक आले, तर दोघांचाही आनंद. ‘कळविण्यास आनंद होत आहे’ हे मी इतक्यांदा लिहिलं की एकदा आईला फोनवर ताप आल्याचं सांगतानाही ते जिभेवर आलं. बाईंनी पहिलंच निवेदन ऐकलं आणि विचारलं, "कोनाले आनंद झाला?"

"कंपनीले."

"कंपनी म्हंजे कोन? त्या मानसाचं नाव लिव्ह ना. आन् थो जुना सायेब गेला, त्याले काय झालं?"

मी म्हटलं, ते दिलेलं नाही.

"मंग हे बातमी नाई. हे आमंत्रनपत्रिका हाय."

हे ऐकणं कसं सुरू झालं ते सांगते. मी एकदा खोलीत बसून पाणी गाळायच्या जाळीविषयीचं एक वाक्य मोठ्याने म्हणून पाहत होते. वाक्य असं लांबलचक की शेवटाला पोचेपर्यंत जाळीचा विसर पडावा. बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. पिळलेलं लुगडं हातात धरून दारात थांबल्या.

"हे कोनाले सांगून राहिली?"

"लोकायले."

"लोकं काय तुह्यासमोर बसले हायेत? फोनवर सांगून पाय. गेलं तं गेलं."

त्या दिवसापासून आमचा रिवाज पडला. दुपारी दोननंतर बाई जिन्याखालच्या टेबलाशी बसत. तिथे त्यांचा जुना फिकट हिरवा फोन होता, तो त्यांनी घरातल्या कोणालाही काढू दिला नव्हता. पाठ ताठ, पदर खोचलेला, हातात पेन्सिल. मी वरून मोबाइलवर तो फोन लावायची. "चांदूर, बोला. अकोला ऐकते आहे." लाईनवर आल्या की बाईंची भाषाच बदले. वऱ्हाडी जाई, अहोजाहो येई, आणि आवाजात एक इस्त्री येई. मी एक वाक्य वाचायची, एकदाच. त्यांनी ते जसंच्या तसं परत म्हणायचं. अडखळल्या की वाक्य बाद. "नाही गेलं. बदला." कारण कधी देत नसत. जिना उतरू न शकणारं वाक्य जगात कुठे जाणार, एवढंच त्यांचं म्हणणं. चार वर्षं कॉलेजात मी भाषा शिकवली आणि त्या जिन्यावर शिकले, हे मी खुशाल कबूल करते.

उन्हाळ्यातल्या त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, भिंतीवर हलणारी कडुलिंबाची सावली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाईंचा आवाज मला दोनदा येई, आधी जिन्यातून आणि मग क्षणभराने फोनमधून. ‘अर्धपारदर्शक’, ‘सूक्ष्मछिद्र’ असले शब्द त्या आवाजात आले की मला ती मूर्तिजापूरच्या पलीकडची गावं वाटायची, तिथे लहान लहान स्टेशनं असतील आणि फलाटावर कोणी नसेल. कधी कधी मी अर्धवट झोपेतच पुढचं वाक्य वाचायची. त्या अर्धवट झोपेतल्या वाक्यांना बाई सहसा बाद करत नसत.

मूर्तिजापूर मात्र नुसतं गाव नव्हतं. ती बाईंची मैत्रीण होती, तिथल्या एक्स्चेंजातली ऑपरेटर. नोकरी लागल्याच्या पहिल्या आठवड्यापासून दोघी लाईनवर भेटत होत्या. रात्रपाळीला बोर्ड शांत असले की बोलायच्या. एकीचं लग्न, दुसरीचं बाळंतपण, सासवा, पाळणे, सगळं त्या तारेवरून. निवृत्तीनंतर दर रविवारी चार वाजता फोन ठरलेला. आणि या दोघी आयुष्यात भेटल्या किती वेळा? एकदा. अकोल्यात कोणाच्या तरी लग्नात. बाई सांगायच्या, "पंगतीत बाजूबाजूले बसलो. तिच्या तोंडाकडं पाह्यलं तं कोनतरी परकी बाई! मीठ सरकवा म्हन्लं, तिनं सरकवलं. दुसरं बोलनंच नाई. दोघी घरी गेलो, तिनं फोन लावला आन् म्हने, अकोला, थे कोन बाई होती वं तुह्या जागी? मंग दीड तास हासलो."

पुन्हा भेटायच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. मूर्तिजापूरचं घर ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेगाडीच्या रुळांपाशी होतं. ती गाडी बंद पडून वर्षं झाली, पण मूर्तिजापूर म्हणायची की दुपारची शिट्टी तिला अजून ऐकू येते. मी म्हटलं, भास असेल. बाई चिडल्या. "तिचे कान माह्यापेक्षा पक्के हायेत. तिले आयकू येते म्हंजे गाडी जात असन."

कानांचं त्यांनी मला स्वतःच सांगितलं होतं, अगदी बाजाराची पिशवी रिकामी करता करता. "उजवा कान तं एक्स्चेंजातच ठेवून आली. डावा आता चालला." डॉक्टरने यंत्र दिलं होतं. ते आठ दिवस लावून त्यांनी कपाटात ठेवलं. "मशीन सगळ्यायलेच मोठं करते. कुकरबी मोठा, मूर्तिजापूरबी मोठं. मूर्तिजापूर डब्यात बसून बोलून राहिली असं वाटते." मी सुचवलं की व्हिडिओवर बोला, ओठ तरी दिसतील. बाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "चेहरा पाहून काय करू? चेहऱ्याची तं माही ओळखच नाई." मग पिशवीची घडी घालत म्हणाल्या, "सारं जग चूप झालं तरी चालते मले. थेवढा एक आवाज राह्यला पाह्यजे."

अशात एक निवेदन आलं. कंपनीच्या विज्ञान विभागाने एक संशोधन हाती घेतलं होतं: कानाच्या आतल्या भागात ज्या बारीक केसाळ पेशी असतात, ज्या एकदा गेल्या की परत येत नाहीत, त्या औषधाने पुन्हा उगवतील का, याचं. मी ते वाक्य लाईनवर वाचलं. पहिल्यांदाच बाईंनी नियम मोडला. "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. आनंद कोणाला झाला हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. रिसीव्हर ठेवून जिन्यातून ओरडल्या, "चांदूर, हे खरं हाय काय?"

मी म्हटलं, खरं आहे, पण वर्षं लागतील.

"वर्षं हायेत माह्याजोळ. कान नाईत."

मग नवीन काही आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "माह्या कानाचं काही?" बहुतेक वेळा नसे. एकदा आलं: सुरुवातीच्या चाचण्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. ‘उत्साहवर्धक’ हा या धंद्यातला अगदी पातळ शब्द, त्यात काहीही खपतं. पण बाईंनी त्या दिवशी शिरा केला आणि रविवारची वाट न पाहता मूर्तिजापूरला कळवलं. मूर्तिजापूर म्हणाली, "कान आले का पयला फोन मले कर." मला त्या शिऱ्याचा घास गिळवेना, आणि तरी मी दोनदा वाढून घेतला.

दरम्यान बाई जास्त अडखळू लागल्या. वाक्य वाईट म्हणून जात नाही की कानच चालले आहेत म्हणून, हे मला कळेनासं झालं. मी वाक्यं तोडू लागले. जोडाक्षरं टाळू लागले. एका दमात मावेल एवढंच लिहू लागले. पुण्याच्या एजन्सीने कळवलं की तुमची भाषा अलीकडे फार स्वच्छ झाली आहे. बाईंचे कान जसे जात होते तशी माझी भाषा सुधारत होती, आणि ते कौतुक मला कधी सुखाने घेता आलं नाही. आता मी पुण्यात असते आणि बाई बंगलोरला मुलाकडे. फोनचा उपयोग उरलेला नाही, म्हणून मी त्यांना कागदावर पत्र लिहिते. त्यांचं उत्तर येतं ते चार ओळींचं, आणि खाली सही: अकोला.

मला सांगायचं आहे ते त्या घरातल्या माझ्या शेवटच्या उन्हाळ्यातलं. कंपनीने आपल्या विज्ञान विभागांची फेरमांडणी केली होती, तिचं लांबलचक निवेदन आलं. आनंद होताच. चौथ्या परिच्छेदात नवी प्रयोगशाळा उघडल्याची बातमी. पाचव्यात एक वाक्य: कानातल्या पेशी पुन्हा उगवण्यावरचं संशोधन कंपनी यंदापासून बंद करत आहे. कारण दिलं नव्हतं. सहावा परिच्छेद पुन्हा भविष्याविषयी.

मी ते मराठीत केलं. खाली बाईंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. दोन वाजून गेले होते. मी फोन लावला, चार परिच्छेद वाचले आणि पाचवा गाळून सहाव्यावर गेले. मनाशी म्हटलं, ते पान कोणी वाचत नाही. त्या विचारत राहतील, मी नाही म्हणत राहीन. कोणाचं काय बिघडतं?

सहावा परिच्छेद असा सुरू होत होता: ‘या दोन्ही निर्णयांमुळे.’ माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मग बाई म्हणाल्या, "चांदूर, मधलं काही गेलं. इकडे एकच निर्णय आला."

आणि मी, मला अजून लाज वाटते, मी म्हटलं, "मी दोन्ही वाचले ना, बाई."

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. मी खाली गेले तेव्हा बाई पेन्सिल हातात धरून भिंतीकडे पाहत होत्या.

"आतापरेंत आवाज बारीक होऊन राहिला होता," त्या म्हणाल्या. "थे ठीक हाय. बारीक झाला म्हंजे समजते, जोर लावून आयकता येते. पन हे तं वाक्यच्या वाक्य गेलं, आन् तू बोलून राहिली हे बी मले समजलं नाई. म्हंजे मूर्तिजापूर काय काय बोलली असन वं इतके दिवस, आन् मी नुसती हो हो म्हनत बसली असन."

मी या बाईंना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी खाली फरशीवरच बसले आणि सांगून टाकलं.

"बाई, तुमचा कान बरोबर हाय. मी वाचलंच नाई. मी गाळलं."

"तू बोल्लीच नाई?"

"नाई."

"मंग माह्या कानानं पकडलं ना!" बाईंनी टेबलावर हात आपटला आणि त्या हसायलाच लागल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "गाळलेलं पकडलं मी! अवं, हे तं चांगल्या कानाच्यायलेबी नाई जमत!" मीही हसले, रडतही होते. मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं.

"काहून गाळलं?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

"कागद नोको दाखवू. वर जाय. लाईनवर सांग."

मी वर गेले. फोन लावला. "चांदूर, बोला." मी ते वाक्य वाचलं. माझा आवाज मध्येच फुटला, पण बाईंनी ते जसंच्या तसं परत म्हटलं, त्याच इस्त्रीच्या आवाजात: "कानातल्या पेशी पुन्हा उगवण्यावरचं संशोधन कंपनी यंदापासून बंद करत आहे. बरोबर?"

"बरोबर."

"पुढे बोला."

आम्ही शेवटपर्यंत गेलो. त्या दिवशी एकही वाक्य बाद झालं नाही.

मी परत खाली उतरले तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. रागावल्या नव्हत्या, पण आवाज कडक होता. "लोकायच्या घरच्या मरनाचे निरोप देले मी. कोनाचा बाप, कोनाचं लेकरू. आवाज नाई हलू देला. मधी बसलेल्या मानसानं निरोप खाल्ला ना चांदूर, म्हंजे दोन्हीकडचे मानसं येडे होते. वाईट असन तं वाईट द्यावा. समजलं?"

"समजलं, बाई."

"जाय, च्या ठेव."

मी चहा ठेवला. बाहेर येते तर बाई फोन फिरवत होत्या. रविवार नव्हता. अलीकडे ऐकू कमी येई म्हणून मूर्तिजापूरशी बोलताना त्या मुलाने फोनला जोडून दिलेला स्पीकर लावत आणि डावा गाल त्याच्याजवळ नेत, त्यामुळे पलीकडचं सगळं मलाही ऐकू येई.

"मूर्तिजापूर, बोला."

"अवं अकोला! आज काहून? बरी हायेस ना?"

"बरी म्हंजे? आयक तं खरं." आणि बाईंनी सगळी कथा रंगवून सांगितली: वरच्या पोरीने निवेदनातला अख्खा परिच्छेद कसा गाळला, आपण तो कसा पकडला, दोन निर्णय म्हणे आणि आला एकच. मूर्तिजापूर खदखदून हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकलं. लहान मुलीसारखं होतं.

"कान शाबूत हाय वं तुहा!" ती म्हणाली. "पन तिनं गाळलं काहून? काय होतं त्याच्यात?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपबशी धरून दारात उभी होते.

"काही नाई वं," बाई म्हणाल्या. "कोनी नवा सायेब आला त्यायचा."

"आन् थे कानाच्या दवाईचं?"

"होऊन राहिलं. येळ लागते म्हनतात."

बाईंनी गाल फोनला अगदी टेकवला. मग मूर्तिजापूरचा आवाज आला, आता हसू नसलेला, सावकाश.

"अकोला, मधलं काही गेलं काय?"

"लाईन खराब हाय," बाई म्हणाल्या.

लाईन अगदी स्वच्छ होती. मूर्तिजापूरला मागे कोणीतरी भांडी लावत होतं, तेसुद्धा मला ऐकू येत होतं.